चिंचेनं घासलेली शिवराई

परवा रात्री जेवण झाल्यावर धाकट्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, पावसापाण्याची, मोसंबीची चौकशी झाली आणि मग त्यानं हळूच विषय काढला.

"दादा, अण्णांच्या त्या डब्याचं काय ठरवलंस?"

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आमच्या अण्णांनी जमवलेली तांब्याची नाणी त्यात आहेत. एकूण एकसष्ट. धाकट्यानं पुण्यात कुणा नाणेवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवले होते. त्यानं काहीतरी आकडा सांगितला. आकडा काही डोळे फिरावेत असा नाही, पण अगदी टाकण्यासारखाही नाही. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. तिघं भावंडं आहोत, तीन वाटे करू. प्रत्येकी वीस, उरलेलं एक ताईला. ज्याला विकायचं त्यानं विकावं, ज्याला ठेवायचं त्यानं ठेवावं.

हिशोबात चूक काहीच नव्हती. तरी मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. का म्हणालो, ते नीट सांगता येईना. ते स्वतःलाच समजावं म्हणून हे लिहायला बसलोय. घरची मंडळी इथं वाचतातच, त्यामुळे हे उत्तर धाकट्यालाही आहे आणि ताईलाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असते. "मामा, तुला एक गंमत दाखवते" म्हणत तिनं कॅमेऱ्यासमोर एक काळपट-हिरवा पत्रा धरला. कडा कुरतडलेल्या, अंगभर खड्डे. मला वाटलं, आमच्या जालन्याच्या भट्टीत जायच्या भंगारातला तुकडा असावा. ती म्हणाली, "हे नाणं आहे."

नाणं कसलं, पाटाच तो! वरवंटा तेवढा नव्हता. तिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून दाखवला. एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. आणि म्हणे, नवा होता तेव्हा दीड किलोचा होता. बाकीचं समुद्रानं खाल्लं.

मग मी दोन-तीन रात्री तेच वाचत बसलो. थोडक्यात सांगतो.

सतराव्या शतकात स्वीडनकडे चांदी कमी आणि तांबं उदंड. फालुन गावची खाण त्या शतकात युरोपातलं निम्म्याहून जास्त तांबं पुरवत होती. राजा गुस्ताव अडॉल्फनं १६२४ मध्ये तांब्याची नाणी सुरू केली. घरातच तांबं खपलं तर बाहेर त्याचा भाव टिकेल, असाही त्यात हिशोब होता. पण नाण्यात त्याच्या किमतीएवढी धातू असलीच पाहिजे, हा त्या काळचा नेम. चांदीच्या मानानं तांबं स्वस्त, म्हणून चांदीच्या चिमूटभर नाण्याच्या बदल्यात तांब्याची लादी आली. राणी ख्रिस्तीनाच्या कारकिर्दीत १६४४ मध्ये आवेस्ताच्या टांकसाळीत दहा डालरचा पत्रा निघाला. त्याचं वजन जवळपास वीस किलो! आपली शिवराई साधारण बारा ग्रॅमची धरा. म्हणजे सोळाशेच्या वर शिवराया एका पारड्यात टाकाव्यात तेव्हा दुसऱ्या पारड्यातलं ते एक नाणं उचललं जाईल. खिसा, कनवटी, बटवा, सगळं बाद. मोठी रक्कम न्यायची तर गाडीच जुंपायची.

या ओझ्यातूनच एक नवी गोष्ट जन्माला आली. योहान पाल्मस्ट्रुक नावाच्या गृहस्थाच्या बँकेनं १६६१ मध्ये, पत्रे आमच्याकडे ठेवा आणि हा कागद घेऊन हिंडा, असं सुरू केलं. युरोपातल्या या पहिल्या बँकनोटा. पुढे त्यानं तिजोरीत होतं त्यापेक्षा जास्त कागद छापले आणि बँक बुडाली. मग १६६८ मध्ये तिथल्या संसदेनं ती आपल्या हाती घेतली आणि तीच आजची स्वीडनची मध्यवर्ती बँक. अमर्त्य सेन, अभिजित बॅनर्जी यांना अर्थशास्त्राचं जे नोबेल मिळालं, ते याच बँकेनं आपल्या तीनशे वर्षांनिमित्त १९६८ मध्ये सुरू केलेलं पारितोषिक. कुठून कुठं धागे जातात बघा.

पत्र्यांचं नाणं मात्र १७७६ पर्यंत चालू होतं. आणि गेले कुठं इतके सगळे पत्रे? वितळले. पत्र्यावरच्या आकड्यापेक्षा तांब्याचा भाव वर गेला की कोण कशाला नाणं म्हणून वापरेल? जहाजात भरून परदेशी गेले आणि धातू म्हणून विकले गेले. त्या वीस किलोवाल्यातले आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच उरलेत.

आम्हा जालनेकरांना हे वेगळं समजवायला नको. आमचं गाव भंगार वितळवून सळई करण्यावर जगतं. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यानं जाताना भंगाराचे ट्रक दिसतात. त्यात सायकलची चाकं असतात, कुणाच्या कपाटाची दारं असतात, एखाद्या शाळेचे बाकही असतात. भट्टीतून बाहेर येते ती फक्त सळई. ती चांगली असते, घरं उभी राहतात तिच्यावर. पण ती कोणाचं कपाट होती, हे तिला विचारता येत नाही.

तर भाचीकडचा पत्रा कसा वाचला? तो बुडाला म्हणून वाचला. 'निकोबार' नावाचं एक डॅनिश जहाज १७८३ च्या जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळ फुटलं. त्यात हे स्वीडिश पत्रे हजारोंनी होते. १९८७ मध्ये ते सापडले आणि मग जगभरच्या हौशी लोकांकडे गेले. आणि जहाज चाललं होतं कुठं? आपल्याकडे! तमिळनाडूतलं तरंगमबाडी, म्हणजे डॅनिश लोकांचं ट्रांकेबार. १६२० मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून त्यांनी ती जागा मिळवली होती. पुढे तंजावर भोसल्यांचं झालं, महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या घराण्याचं. १७८३ साली तिथं तुळजाराजे गादीवर होते. म्हणजे हे स्वीडनचं तांबं निघालं होतं ते मराठी राजाच्या मुलखातल्या बंदरात. पोचलं असतं तर बहुधा वितळून त्याचे हंडे-घागरी झाल्या असत्या, नाही तर पैसे पाडले गेले असते. कोण जाणे, आपल्यातल्याच कुणाच्या पूर्वजांनी त्या तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं असतं.

मी भाचीला विचारलं, "अगं, पण कडा गेल्या, शिक्के गेले, वजन गेलं. चार कोपऱ्यांतले चार शिक्के आणि मधला पाचवा, त्यातला धड दिसतो तो एकच. एवढे पैसे कशाला घातलेस?"

ती म्हणाली, "मामा, याच्यासोबत कागद आहे ना. कोणत्या जहाजातलं, कधी बुडालं, कुठं सापडलं, सगळं लिहिलंय. नुसता पत्रा असता तर मी घेतला नसता."

तिथं मला माझा डबा आठवला. आणि खरं सांगतो, चेहरा पडला माझा.

आता डब्याची गोष्ट. आमचे अण्णा भोकरदन तालुक्यात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. बदल्या झाल्या तरी फिरून फिरून त्याच भागात. गावागावांत पांढरीच्या मातीत काही ना काही सापडायचं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं व्यापारी गाव. सत्तरच्या दशकात तिथं उत्खनन झालं तेव्हा निघालेली हस्तिदंती बाहुली पार इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या बाहुलीशी नातं सांगते. असई त्याच भागात. तिथं २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्ली यांची लढाई झाली. अशा मातीत नांगर चालला की पोरांना पैसे सापडायचे. पोरं ते गुरुजींना आणून द्यायची. अण्णा त्यांना पाटीवरची पेन्सिल नाही तर गोळ्या द्यायचे आणि पैसा ठेवून घ्यायचे.

जास्त करून शिवराया. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही शिवराई सुरू झाली आणि महाराजांच्या मागेही शंभर-दीडशे वर्षं त्याच नावानं पडत राहिली. पुढे पेशवाईत मधे दोन रेघा असलेली दुदांडी आली. इंग्रजी अमलातही बाजारात ती चालत होती. त्यामुळे घरात निघालेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हातची नसते, हे जरा मन घट्ट करून मान्य करावं लागतं. डब्यात जाड ढब्बू पैसे आहेत आणि तुघऱ्याची नक्षी असलेले निजामाचे पैसेही. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. हाली सिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. शंभर कलदार घ्यायचे तर हाली एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै मोजायचे. हा भाव अण्णांना पाढ्यासारखा पाठ होता.

तर अण्णा प्रत्येक पैसा वहीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे आणि त्या तुकड्यावर निळ्या शाईनं लिहायचे. कोणत्या पोरानं आणला, कोणत्या वावरात सापडला, कधी. एक चिठ्ठी मला अजून आठवते. 'महाराजांच्या लुटीतला, असे मुलगा म्हणतो.' नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांनी जालन्याची पेठ लुटली होती. आमच्याकडे पोरासोरांना ही गोष्ट ठाऊक असते. त्या पोरानं ती आपल्या पैशाला जोडून दिली. अण्णांनी ती पुसली नाही, पण 'असे मुलगा म्हणतो' याच्या खाली रेघ मारली होती.

अण्णा १९९३ मध्ये गेले. डबा माझ्याकडे आला. मी नुकताच नोकरीला लागलेलो, नाण्यांवरची एक-दोन पुस्तकं वाचलेली. मला वाटलं, आता हे सगळं 'शास्त्रशुद्ध' लावायचं. प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा अल्बम आणला. राजाप्रमाणे, सालाप्रमाणे नाणी लावली. आणि त्या पिवळ्या पडलेल्या, कसरीनं खाल्लेल्या चिठ्ठ्या? त्या मी टाकल्या. एका रविवारी सकाळी, केराबरोबर. मला वाटलं, आता पुस्तकात बघून मी जास्त नीट लिहू शकतो. कुठल्या पोरानं कुठल्या वावरात उचललं, त्याला काय करायचं?

तीन वर्षांनी, १९९६ च्या दिवाळीत, आईनं लक्ष्मीपूजनाला नाणी काढली आणि पूजेची तांब्याची भांडी घासतो तशी चिंच-मीठ लावून घासली. एकसष्टच्या एकसष्ट. मी कामावरून आलो तर ताटात सगळी नवरीसारखी लखलखीत. मी केवढा ओरडलो! तांब्यावर शे-दोनशे वर्षांत जो तपकिरी-हिरवट थर चढतो, तोच त्याचं रक्षण करतो. चिंचेच्या आंबटानं तो तर जातोच, पण अक्षरांची धारही जाते. नाणं कधीही घासू नये, हा जमवणाऱ्यांचा पहिला धडा. हे सगळं मी तिला सणासुदीला, उभ्या घरासमोर सुनावलं. ती काही बोलली नाही. नाणी पदरानं पुसून परत ताटात मांडली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "गुरुजींच्या चिठ्ठ्या दिसेनात रे, कुठं ठेवल्या?"

मी उत्तर दिलं नाही. आई २०११ मध्ये गेली. तोवर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मात्र नाणी घासल्याचं मी पाव्हण्यारावळ्यांत वर्षानुवर्षं सांगत आलो, "आमच्या आईनं कशी वाट लावली" म्हणून. हसवत हसवत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलंय. आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, वाट मी लावली होती.

आईनं जे घालवलं ते अर्धमुर्धं परत येतं. नाणं नुसतं ठेवून दिलं की वर्षांनी पुन्हा काळवंडतं. आमची आता काळवंडलीच आहेत. पण मी जे घालवलं ते कशानंही परत येत नाही. भाचीचा पत्रा समुद्रानं तीनशे ग्रॅम खाल्ला तरी तो कोणाचा, कुठला, हे शाबूत आहे. माझ्या शिवरायांची वजनं शाबूत आहेत आणि बाकी त्या भंगारातून निघालेल्या सळईसारख्या झाल्यात. पुण्याचा नाणेवाला सांगतो ती किंमत तेवढ्याचीच. चूक त्याची नाही.

म्हणून माझं मत असं. जुनी नाणी जमवणाऱ्याचं पहिलं काम चिठ्ठी लिहिणं. जात, दुर्मिळपणा, भाव हे नंतर. ते पुस्तकात सापडतं, दुसरा कुणीही सांगू शकतो. चिठ्ठी फक्त त्या वेळी हजर असलेलाच लिहू शकतो. आणि आजकाल शिवराईला एवढी मागणी आलीय की साच्यात ओतलेल्या खोट्या शिवराया सर्रास विकल्या जातात. त्यात खरी कोणती, हे ठरवतानाही कुठून आली हाच प्रश्न आधी येतो.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर गावोगाव घडते. जुनी गढी पाडताना, विहीर खोदताना मडकं निघतं. रातोरात वाटण्या होतात, थोडं सोनाराकडे, थोडं भंगारात, थोडं शहरातल्या हौशी माणसाकडे. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. लोकांना वाटतं, कळवलं की गेलंच. ती भीती मला कळते. सरकारी कामाची दिरंगाई सगळ्यांनाच माहीत आहे. पण एका मडक्यात कुणाकुणाची नाणी एकत्र होती, यावरून ते कधी पुरलं, त्या गावाचा व्यवहार कुणाकुणाशी होता, हे कळतं. मडकं फुटून दहा घरी गेलं की ते सांगणारं कुणी उरत नाही. आणि आपण हौशी मंडळी 'कुठून आणलंस?' असं न विचारता घेतो, तेव्हा त्या फोडण्यात आपलाही हात असतो. मीही असं घेतलेलं आहे, एकदा नाही, चारदा.

आणखी एक. भाची म्हणाली, "मामा, मला एक शिवराई पाठव ना, पत्र्याशेजारी ठेवते." नाही पाठवता येणार बाळा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर असं नेता येत नाही. इकडे येशील तेव्हा हातात घेऊन बघ.

आता धाकट्याला उत्तर. बाबा रे, वाटे नकोत. पैशाचा मोह नाही, असं नाही. पण ही नाणी आपल्या तिघांची आहेत का, इथूनच मला शंका आहे. ती ज्या पोरांनी गोळ्यांच्या बदल्यात दिली, ती आज साठी-सत्तरीची माणसं असतील. त्यांच्या वावरातले पैसे आहेत हे. अण्णांनी नावं लिहून ठेवली होती, ती बहुधा त्यासाठीच. मी ती केरात टाकली आणि आता आपण म्हणतोय, वीस-वीस वाटून घेऊ. मला ते जमायचं नाही.

माझ्या मनात असं आहे. तुम्हाला दोघांना अण्णांच्या चिठ्ठ्यांमधलं जे आठवतं ते लिहून पाठवा. ताई मोठी, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवेल. ती तर डब्याशी खेळायची. मला तीनच नक्की आठवतात. दिवाळीनंतर आपण तिघं एकदा त्या गावांना जाऊ, शाळेत बसू, म्हाताऱ्या मंडळींना नाणी दाखवू. काहींना आपला पैसा ओळखू येईल, काही नुसतंच सांगतील. अण्णांसारखंच लिहून घेऊ, 'असे म्हणतात' याच्या खाली रेघ मारून. मग डबा अख्खा कुठं द्यायचा, ते ठरवू. एखाद्या संग्रहालयात, नाही तर त्याच शाळेत कुलपाच्या कपाटात. तुला हे पटलं नाही तर भांड माझ्याशी, पण डबा फोडायच्या आधी भांड.

काल रात्री मी अल्बममधून सगळी नाणी बाहेर काढली. वहीचं पान फाडून तुकडे केले. पहिल्या तुकड्यावर काय लिहावं कळेना. कुठं सापडलं, माहीत नाही. कुणी दिलं, माहीत नाही. शेवटी जे नक्की ठाऊक होतं तेवढं लिहिलं.

'शिवराई, दुदांडी. गुरुजींच्या डब्यातली. दिवाळी १९९६, लक्ष्मीपूजनाला आईनं चिंच-मिठानं घासली. चिठ्ठी मी हरवली.'

अजून साठ बाकी आहेत. ताई, तुला काही आठवतंय का?